सुई नेमकी, तर शिवण नेटकी

रेशमी ब्लाऊज असो, नाचाचा पोशाख असो की रथाची झालर. शिवण चांगली होणार की बिघडणार, हे बऱ्याचदा मशीनच्या सुईवरच ठरते. शिवणकलेची मोठी परंपरा असलेल्या तंजावरच्या निमित्ताने या छोट्या पण महत्त्वाच्या वस्तूची ही ओळख.

लग्नकार्य चार दिवसांवर आलेले असते. ब्लाऊज शिवून घरी येते. हौसेने ते उजेडात धरावे, तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडलेल्या, मधूनच एखादी रेशमाची तार ओढली गेलेली आणि काठाजवळ दोन टाके गळालेले! मग दोष कुणाला द्यायचा? शिंप्याला, कापडाला, दोऱ्याला की मशीनला? पुष्कळदा यांपैकी कुणाचाच फारसा दोष नसतो. दोष असतो मशीनला लावलेल्या सुईचा. ती त्या कापडासाठी जाड असते, बोथट झालेली असते, किंवा त्या जातीच्या कापडासाठी बनवलेलीच नसते.

घरोघरी शिवणयंत्र असते, पण सुईचा विचार क्वचितच होतो. एकदा बसवलेली सुई मोडेपर्यंत चालवायची, हा बहुतेक घरांतला रिवाज. त्याच सुईने मुलाच्या शाळेची खाकी चड्डी शिवायची, त्याच सुईने पडदे आणि त्याच सुईने आईच्या जुन्या रेशमी साडीचा परकरही! सुई काही रुपयांची, पण तिच्यापायी बिघडणारे कापड हजारोंचे असते.

एका गावात चार तऱ्हा

कापड तशी सुई, हे पाहायचे तर तंजावरसारखे गाव नाही. व्यंकोजीराजांनी येथे राज्य स्थापन केले आणि १६७६ ते १८५५ पर्यंत भोसले घराण्याने ते सांभाळले. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आजही पाहता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयातली मराठी आणि मोडी कागदपत्रे तर अभ्यासकांची पंढरीच. मराठी बोलणारी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आपण ज्याला सुई म्हणतो त्याला तमिळमध्ये ‘ऊसी’ म्हणतात आणि शिवणाला ‘तैयल’. शिंप्यांच्या दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द हटकून दिसतो.

या एका परिसरात चार अगदी वेगळ्या तऱ्हेची शिवण चालते. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमला जरीकाठी रेशमी साड्या विणल्या जातात. २०१९ साली या साड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. या साड्यांवरची ब्लाऊजे ही पहिली तऱ्हा. दुसरी तऱ्हा भरतनाट्यमच्या पोशाखांची. तिसरी मंदिरांच्या कापडी सजावटीची आणि चौथी तुमच्या-आमच्या रोजच्या सुती कपड्यांची. चारही ठिकाणी यंत्र जवळपास सारखेच, पण सुई मात्र एकच ठेवून भागत नाही.

नाचाचा पोशाख, शिवणीची परीक्षा

भरतनाट्यम आणि तंजावर यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या ‘तंजावर बंधूं’नी एकोणिसाव्या शतकात या नृत्याचा क्रम बांधून दिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नृत्यनाट्य मराठीत रचले आणि त्यातून जगाचा भूगोल सांगितला, ही गोष्टही मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे.

त्या काळी नर्तकी साडी नेसूनच नाचत. शिवलेला पोशाख पुढे आला. १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्राची स्थापना करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा हा पोशाख घडवण्यात मोठा वाटा आहे. रेशमी साडी कापून तिचा पायजमा, ओढणी, ब्लाऊज आणि समोर उघडमीट होणारा निऱ्यांचा पंखा शिवतात. या पंख्याला तमिळमध्ये ‘विसिरी’ म्हणतात.

शिवणाच्या दृष्टीने हा पोशाख म्हणजे परीक्षाच. ब्लाऊजच्या बाहीला रेशमाचा एकच पदर आणि खाली पातळ अस्तर असते. तेथे बारीक, अणकुचीदार सुई हवी. पण पंख्याच्या सगळ्या निऱ्या जेथे कमरपट्टीत एकत्र येतात, तेथे रेशीम, जरीचा काठ, अस्तर आणि पट्टी असे कितीतरी पदर एकावर एक बसतात. बारीक सुई तेथे वाकते किंवा मोडते. म्हणजे एकाच पोशाखाला निदान दोन सुया लागतात.

आणि ही शिवण नुसती दिसायला चांगली असून चालत नाही. गुडघे बाहेर काढून अर्धे बसण्याच्या ‘अरैमंडी’ या स्थितीत पायजम्याच्या शिवणीवर सारा ताण येतो. सुईने टाके गाळलेले असतील, तर तेवढ्याच जागी शिवण उसवू लागते. वर्षानुवर्षे मेहनत करून मुलगी अरंगेत्रमला उभी राहते, तेव्हा तिचे लक्ष तालाकडे असावे, कपड्याकडे नव्हे!

हीच गोष्ट आपल्याकडच्या शिवलेल्या नऊवारीची. लग्नात, मंगळागौरीला, शोभायात्रेत अशी नऊवारी आता सर्रास घातली जाते. तिच्या निऱ्या, कासोटा आणि कमरपट्टी शिवतानाही एकच सुई शेवटपर्यंत चालवू नये.

टाका पडतो कसा?

सुई निवडायची तर तिचे काम आधी समजून घ्यायला हवे. हातशिवणीच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, तर मशीनच्या सुईचे नेढे अणीजवळ. शिवणयंत्र व्यवहारात उतरले ते या युक्तीमुळेच. अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली अशी सुई आणि दुहेरी दोऱ्याचा टाका असलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. १८५१ साली आयझॅक सिंगर यांचे यंत्र आले आणि पुढे ते घराघरांत पोचले. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला त्यातून मुद्दाम वगळले होते.

सुई दोरा घेऊन कापडातून खाली जाते आणि जराशी वर येऊ लागते. त्या क्षणी दोऱ्याचा छोटासा फासा सुईच्या मागे सुटतो. शटलचे टोक नेमके त्याच वेळी येऊन हा फासा पकडते आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवते. झाला टाका! हा फासा नीट पडला नाही, तर शटल रिकामेच पुढे जाते आणि टाका गळतो. सुई किंचित वाकलेली असली, वर नीट चढवलेली नसली किंवा दोऱ्याच्या मानाने फार बारीक असली, की नेमके हेच होते.

सुई हातात घेऊन नीट पाहा. वरचा जाड भाग म्हणजे दांडा. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. खालच्या पात्याला एका अंगाला लांब खाच असते. वरून येणारा दोरा खाली जाताना या खाचेत बसतो. दुसऱ्या अंगाला नेढ्याच्या जरा वर छोटासा खोलगट भाग असतो. शटलचे टोक तेथून जाते. म्हणून सुई बसवताना एक साधा नियम पाळावा: दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा आणि चपटी बाजू त्याच्या विरुद्ध, शटलकडे ठेवायची. सुई वर टेकेपर्यंत सरकवायची आणि मगच स्क्रू आवळायचा.

आकड्यांचा अर्थ

सुईच्या पाकिटावर ९०/१४, ७५/११ असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईच्या पात्याची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. दुसरा आकडा जुन्या पद्धतीचा. आपल्याकडे दुकानात ‘चौदा नंबरची सुई’ म्हणतात ती हीच. आकडा वाढला की सुई जाड.

बाजारात दोन प्रकारचे दांडे मिळतात. घरगुती मशीनला बहुधा चपट्या दांड्याची सुई लागते, तर कारखान्यातल्या वेगवान मशीनला गोल दांड्याची. एकीची सुई दुसऱ्या मशीनला चालत नाही. खात्री नसेल तर जुनी सुई सोबत घेऊनच दुकानात जावे.

जाडीइतकेच महत्त्व अणीच्या आकाराला आहे. नेहमीच्या सुईची अणी किंचित गोलसर असते आणि बहुतेक सुती कापडांना ती चालते. रेशमासाठी अगदी टोकदार अणीची सुई मिळते. ती दाट विणीतून सरळ, स्वच्छ भोक पाडते. होजियरीच्या कापडासाठी गोल अणीची, म्हणजे ‘बॉल पॉइंट’ सुई असते. बनियन, टी-शर्टचे कापड धाग्याच्या फाशांनी विणलेले असते. टोकदार सुई त्यातला एखादा फासा तोडते आणि धुतल्यावर तेथून जाळी सुटू लागते. गोल अणी मात्र धागा न तोडता बाजूला सारते. तमिळनाडूतलेच तिरुप्पूर हे शहर होजियरीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तेथल्या कारखान्यांत काम चालते ते गोल अणीच्या सुयांवरच.

कोणत्या कापडाला कोणती सुई?

शिफॉन, जॉर्जेट, मलमल, व्हॉइल: ६५/९ ते ७५/११. टाका लहान ठेवावा. कापड मशीनच्या भोकात ओढले जात असेल, तर खाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर कागद अलगद फाडून काढावा.

रेशमी ब्लाऊज, पैठणी, तिरुभुवनम किंवा कांचीपुरम रेशीम: ७०/१० ते ७५/११, टोकदार अणीची. अस्तरासह दोन-तीन पदर आले तर ८०/१२.

ब्लाऊजचे टू बाय टू, केंब्रिक, लाँगक्लॉथ, पातळ सुती: ७५/११ किंवा ८०/१२.

पॉपलीन, शर्टाचे कापड, खण, शाळेचे गणवेश, चादरी: ९०/१४. घरात सर्वाधिक लागणारी सुई हीच.

जीन्स, जाड खादी, पडदे, सोफ्याच्या खोळी: १००/१६. जीन्ससाठी मजबूत पात्याची वेगळी सुईही मिळते.

किंतान, ताडपत्री, जाड पिशव्या: ११०/१८.

टी-शर्ट, बनियन, बाळाची होजियरीची झबली: ७५/११ ते ९०/१४, गोल अणीची. लेगिंगसारख्या फार ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी ‘स्ट्रेच’ सुई घ्यावी.

चामडे, रेक्झिन: चामड्यासाठीची खास सुई. तिची अणी पात्यासारखी कापत जाते. म्हणूनच ही सुई विणलेल्या कापडाला चुकूनही लावू नये.

जरीचा किंवा चमकीचा दोरा: मोठ्या नेढ्याची सुई, साधारण ९०/१४. लहान नेढ्यात घासून जरीचा दोरा सोलला जातो. मशीनही सावकाश चालवावे.

रथाची झालर

तंजावर, कुंभकोणम, तिरुवारूर या पट्ट्यात मंदिरांसाठी कापडी सजावट करण्याची जुनी कला आहे. जाड सुती कापडावर लाल, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या कापडाचे तुकडे कापून लावायचे आणि त्यांतून देवदेवता, मोर, हत्ती, वेलबुट्टी साकारायची. रथाला टांगायच्या नळकांड्याच्या आकाराच्या लोंबत्या झालरींना ‘तोंबै’ म्हणतात. तिरुवारूरचा प्रसिद्ध रथ सजल्यावर सुमारे ९६ फूट उंच होतो. एवढा डोलारा कापडाने मढवायचा म्हणजे शिवण किती, याची कल्पना करावी! तंजावरच्या बृहदीश्वराचा रथोत्सवही दीर्घ खंडानंतर २०१५ साली पुन्हा सुरू झाला.

या झालरींत जाड कापडाचे पदर एकावर एक येतात. अशा कामाला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि तिला साजेसा जाड दोरा लागतो. बारीक सुई येथे नुसती वाकत नाही, तर मोडून उडते. घरी गोधडी किंवा जीन्सची दुमड शिवतानाही हे ध्यानात ठेवावे. जाड जोडावर आल्यावर पायडल थांबवून चाक हाताने फिरवावे आणि तेवढे टाके सावकाश घालावेत.

सुई मोडलीच, तर तिचे सगळे तुकडे शोधून काढावेत. कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा जुळवून, त्याची नोंद करूनच नवी सुई देण्याची पद्धत असते. कारण उघड आहे. बाळाच्या झबल्यात अडकलेला सुईचा तुकडा किती महागात पडेल, हे आईला सांगायला नको.

सुई बोथट झाली, हे ओळखायचे कसे?

सुई तक्रार करते, पण आपले तिकडे लक्ष नसते. कापडात शिरताना ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला, की सुई बोथट झाली असे समजावे. टाके गळणे, दोरा वारंवार तुटणे, रेशमाच्या तारा ओढल्या जाणे, शिवणीवर चुण्या पडणे ही बाकीची लक्षणे. चुण्यांमागे दोऱ्याचा जास्त ताण हेही कारण असू शकते, पण आधी सुई बदलून पाहावी. मशीन उघडून बसण्यापेक्षा ते सोपे आणि स्वस्त.

घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. सुई काढून तिची चपटी बाजू काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर टेकवावी. अणीपर्यंत सुई आणि काच यांमधली फट एकसारखी दिसली, तर सुई सरळ आहे. कमीजास्त दिसली, तर ती वाकलेली आहे. अणी खरखरीत झाली की नाही हे पाहायला जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ती हलकेच फिरवावी. धागा अडकला, तर सुई टाकून द्यावी.

दोरा आणि सुई यांची जोडी जमते का, हेही पाहता येते. वीतभर दोरा सुईत ओवून तिरका, ताणून धरावा. सुई वरून खाली आपोआप घसरत आली, तर नेढे योग्य आहे. मध्येच अडली, तर एक नंबर मोठी सुई घ्यावी.

साधारण आठ ते दहा तास शिवण झाली, की सुई बदलावी. रेशमी कापड मात्र दर वेळी नव्या सुईनेच सुरू करावे. सुती कापडावरची भोके धुतल्यावर बरीचशी मिटतात, रेशमावरची मिटत नाहीत. जरीतल्या धातूच्या तारेने तर सुईची अणी लवकर झिजते. म्हणून जरीचा काठ शिवून झाला, की तीच सुई साध्या रेशमावर चालवू नये. साडीच्या भरजरी काठाला फॉल लावायचा असेल, तर हातशिवणच बरी.

तंजावरच्या कावेरीकाठच्या दमट हवेत काय किंवा आपल्या कोकणात काय, सुयांना गंज फार लवकर चढतो. गंजलेल्या सुईचा पांढऱ्या कापडावर पडलेला डाग सहजी निघत नाही. सुया मूळ पाकिटातच ठेवून ते पाकीट घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. मशीनला तेल दिल्यावर आधी चिंधीवर दोनचार ओळी शिवाव्यात.

मशीन मिळते, पुढे काय?

शिवणयंत्र ही अनेक घरांत हौसेची नव्हे, तर पोटापाण्याची वस्तू आहे. तामिळनाडूत सत्यवाणी मुत्तू अम्मैयार यांच्या नावाच्या योजनेतून विधवा, परित्यक्ता आणि अपंग स्त्रियांना मोफत शिवणयंत्रे दिली गेली आहेत. केंद्र सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतीची सोय आहे. आपल्याकडेही बचतगटांच्या कितीतरी भगिनी शिवणावर संसाराला हातभार लावतात.

अशा घरी गिऱ्हाइकाचे एक रेशमी ब्लाऊज बिघडले, तर भरपाईत आठवड्याची कमाई जाते. शिवाय ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार जणींना सांगते ते वेगळेच. म्हणून मशीन देताना किंवा शिकवताना ‘सुई कशी बसवायची’ एवढेच सांगून थांबू नये. ‘कोणत्या कापडाला कोणती सुई’ हेही शिकवायला हवे. शिवणवर्गाच्या पहिल्या आठवड्यातच हा पाठ झाला, तर पुढचे किती नुकसान टळेल!

सुरुवातीला फार सुया घ्यायचीही गरज नाही. ११, १४ आणि १६ नंबरचे एकेक पाकीट आणि गोल अणीच्या काही सुया एवढ्यावर घरचे जवळजवळ सगळे काम निभते. वापरातली सुई काढून ठेवताना तिचा नंबर विसरायला होतो. त्यासाठी जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यावर पेनाने ९, ११, १४, १६ असे रकाने आखावेत आणि प्रत्येक सुई आपापल्या रकान्यात टोचून ठेवावी. मशीनवर सध्या कोणती सुई आहे हे कळायला त्या रकान्यात एक रंगीत टाचणी लावावी. आणि ज्या कापडाचे ब्लाऊज शिवायचे, त्याच्याच कातरणावर आधी वीतभर शिवण घालून ती उजेडात धरून पाहावी. चुणी नाही, ओढलेली तार नाही आणि टाका दोन्ही बाजूंनी सारखा आहे, अशी खात्री झाली की मगच खऱ्या कापडाला हात घालावा.